काक्षीच्या खोडलेल्या ओळीसह माझ्या सर्व मिळकतीची व्यवस्था

मी, अमृतराव सखाराम पाईकराव, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार वसमत, जिल्हा हिंगोली, पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने व कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. शुद्धीचा दाखला डॉ. सुनिता खिल्लारे यांनी दिला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली, वार सांगितला आणि पहाटे पश्चिमेला कोणते नक्षत्र होते तेही सांगितले. त्यानंतर त्यांनी माझा रक्तदाब पुन्हा एकदा मोजला, पण दाखला दिला.

१. राहते घर, गच्चीसह, तसेच बँकेतील व पोस्टातील सर्व शिल्लक माझी पत्नी कमलबाई हिला मिळावी. गच्चीवरील सिमेंटचा चौथरा मी दुर्बिणीसाठी बांधला होता. गेली काही वर्षे तिथे पापड वाळतात. त्या वापराला माझी हरकत नाही आणि नव्हती, असे आता म्हणतो.

२. सहा इंची दुर्बीण नात आकांक्षा हिला द्यावी. दुर्बिणीचा आरसा मी स्वतः आठ महिने घासला. त्या आठ महिन्यांत घरातल्या भाकरीला काचेची कचकच लागत होती, असे कमलबाईचे म्हणणे आहे. मी ते नाकारत आलो. आता दात उरले नसल्याने वाद मिटवतो.

३. आरशावर घालायचे फडके दुर्बिणीसोबतच द्यावे. त्यामागची हकीकत सबंध वसमतला ठाऊक आहे, तरी कागदावर यावी म्हणून लिहितो. मार्च २०११ मध्ये मला व्याध हा तारा पिवळा आणि मंद दिसू लागला. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा पिवळा पडतोय आणि ते मला एकट्याला कळलेय, या आनंदात मी एका स्थानिक साप्ताहिकाला बातमी दिली. शाळेने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मी चाळीस मिनिटे भाषण केले. घरी आल्यावर कमलबाईने आरशावरून बोट फिरवले आणि माझ्यासमोर धरले. बोट पिवळेधमक होते. शेजारी वैजनाथ बागल यांचा हळद पॉलिश करायचा ढोल त्या दिवसांत रोज चालत असे. फडके घालायचे मला सुचले नव्हते.

तेव्हापासून मी हळदे गुरुजी. हे नाव वैजनाथने ठेवले. या मृत्युपत्रान्वये मी त्याला माफ करतो. माफी ही मिळकतीत मोडत नाही, असे आमच्या वकील निलम नरवाडे यांनी सांगितले. म्हणजे वैजनाथला या कागदातून काहीच मिळत नाही, आणि म्हणूनच तो साक्षीदार म्हणून चालतो. त्यावर तो म्हणाला, "गुरुजी, सहीचं पेन तरी मला ठेवता का?" पेन ठेवलेले नाही.

४. निरीक्षणाच्या एकोणीस वह्या. ज्या कारणासाठी हा सगळा कागद केला ते कारण इथे आहे. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

वहीचा एक नियम मी तीस वर्षे पोरांना शिकवला. शाईने लिहिलेली नोंद खोडायची नाही. चुकली वाटली तर बाजूला शेरा मारायचा, कारण आज चूक वाटते ती उद्या बरोबर ठरू शकते. या नियमासाठी मी लेकरांना छड्या मारल्या आहेत.

३ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे कमलबाई नळाचे पाणी भरून आत आली आणि म्हणाली, "अहो, मृगातला तो तांबडा तारा असा काहून दिसून राहिला? रोहिणीपेक्षा बारीक झालाय." तो तारा म्हणजे काक्षी. मी अर्धवट झोपेत वहीत ओळ लिहिली. मग चहा झाला, डोके चालू लागले आणि व्याध आठवला. मी म्हणालो, "तुझ्या डोळ्यात हळद गेली असेल." ती म्हणाली, "डिसेंबरात हळद कुठून आणू? ती तर अजून शेतात हाय." मी पट्टी घेतली आणि ओळ सरळ रेघेने खोडली. रेघ फार सुबक आली आहे.

तिच्या डोळ्यांपुढे आरसा नव्हता. हळदीचा हंगाम नव्हता. आणि ती लग्नापासून रोज पहाटे तेच आकाश पाहत आली होती, मी मात्र ढग नसले आणि गुडघे दुखत नसले तरच पाहत होतो. एवढे साधे गणित विज्ञान शिक्षकाला सुटले नाही. दुसऱ्यांदा हसे होईल याची भीती वाटली, हे खरे कारण. चार-पाच दिवसांनी परदेशातल्या निरीक्षकांनी काक्षी मंदावल्याचे जगाला कळवले. पुढे तर तो इतका उतरला की ते वैजनाथलासुद्धा दिसले. दीड वर्षाने शास्त्रज्ञांनी कारण सांगितले: ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ झाली होती आणि ती आपल्या नजरेच्या आड आली होती. धूळच होती, फक्त वसमतची नव्हती. तो प्रकाश कित्येक शतके प्रवास करून आमच्या नळापर्यंत पोचला होता आणि मी तो पट्टी लावून परत पाठवला.

मी गप्प राहिलो. कमलबाईही गप्प राहिली. सहा वर्षे.

यंदा ऑगस्टात आकांक्षा घरी आली आणि मोबाइलवरची बातमी वाचून दाखवू लागली. काक्षीला एक जोडीदार तारा आहे आणि तो आता छायाचित्रात टिपल्यासारखा दिसतोय. काक्षीच्या झगमगाटात तो इतकी वर्षे कुणाला दिसला नव्हता. मी मान डोलावत होतो. तिने सहज त्या हिवाळ्याची वही काढली आणि विचारले, "आजोबा, हे कोणी खोडलं?" स्वयंपाकघरातून आवाज आला, "विचार त्यायलाच. मी सांगितलं व्हतं, तवा न्हाई पटलं." माझ्याकडे झगमगाट म्हणण्यासारखे कधी काही नव्हते. तरी मी कमलबाईच्या पुढ्यात उभा राहिलो होतो. मला लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

सबब, ती ओळ कमलबाईची आहे, ती तिला परत मिळावी. सगळ्या वह्या तिच्या हयातीत तिच्याकडे राहाव्यात, नंतर आकांक्षाकडे.

५. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा उभी राहत आहे. ती सुरू झालेली पाहावी अशी इच्छा आहे, पण माझ्या इच्छांचा इतिहास वर आलाच आहे. माझी अंत्ययात्रा त्या बाजूने नेऊ नये. ती यंत्रे फार नाजूक असतात म्हणे, आणि खगोलशास्त्राला मी आधीच पुरेसा त्रास दिला आहे.

६. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक मुलगा बुद्धभूषण राहील. त्याने अंत्यविधीला भाषणे ठेवू नयेत. ठेवलीच, तर चाळीस मिनिटांची नकोत.

हा मजकूर आज वाचून दाखवल्यावर कमलबाई म्हणाली, "मला साक्षीदार करा." वकीलबाईंनी समजावले की ज्याला घर मिळते त्याने साक्षीला सही करू नये, वाद निघाल्यास दिलेले घर हातचे जाऊ शकते. ती म्हणाली, "मग घर राहू द्या. मला सही करायची हाय." शेवटी वहीतली ती नोंद पुन्हा लिहून परिशिष्ट म्हणून जोडायची ठरली, आणि त्यावर तिने सही करायची. तिने आधी मजकूर वाचला आणि एक दुरुस्ती सांगितली. ती केली आहे.

ठिकाण: वसमत. दिनांक: ३ डिसेंबर २०२५.

लिहून ठेवणार: अमृतराव सखाराम पाईकराव (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. सुनिता खिल्लारे (सही)
२. वैजनाथ बागल (सही, स्वतःच्या पेनाने)

परिशिष्ट: वही क्रमांक १७ मधील नोंद, पुन्हा लिहिलेली.

३ डिसेंबर २०१९. ~~पहाटे~~ पावणेपाच वाजता, नळ आला तेव्हा. काक्षी रोहिणीपेक्षा मंद. साध्या डोळ्यांनी.

निरीक्षक: कमलबाई अमृतराव पाईकराव (सही)

खोडणारा: अमृतराव सखाराम पाईकराव (सही)