कडूबाकाकांच्या पुस्तकातली बाई

॥ श्री ॥
मु. सोनखेडी, पो. अमडापूर,
जि. बुलढाणा
१२ फेब्रुवारी १९६३

ती. दादास,
अन्नपूर्णेचा शि. सा. न. वि. वि.

काकांची तेरवी आटोपून तू मुंबईला गेलास त्याला आज आठ दिवस झाले. वांग्याच्या वाफ्यांना मीच पाणी देते आणि मग शाळेत जाते. पोरी म्हणतात, बाई, तुमच्या पदराले चिखल हाये. मी म्हणते, असू द्या, मास्तरणीच्या आधी मी माळ्याची लेक आहे.

आता मुख्य गोष्ट. काकांसाठी शाळेच्या ओसरीवर शोकसभा घ्यावी म्हणून मी अर्ज केला होता. शाळा समितीचे अध्यक्ष भगवंतराव यांनी तो फाडला नाही, एवढीच मेहरबानी. त्यांनी मला भिंतीवरच्या तसबिरी दाखवल्या आणि म्हणाले, की लेखक याला म्हणतात. तुझा काका भाजी लावायचा आणि शेजाऱ्याची बदनामी करायचा. मी त्या तसबिरी रोज पुसते, दादा. सगळे मोठे लोक आहेत, मी त्यांचे धडे मनापासून शिकवते. पण त्यांतल्या एकानेही आपल्या बाजूचं वावर पाहिलेलं नाही. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. हेडमास्तर रामराव मागून माझ्याकडे बघून हात जोडत होते.

तूच सांग, काकांच्या त्या पुस्तकात, 'सरकता बांध'मध्ये, खोटं काय आहे? भगवंतरावांचे वडील रंगराव पाटील यांनी मनकर्णाबाईचा नवरा गेल्यावर कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तिच्या पाच एकरांत आपला बांध सरकवला, हे गावात कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांनी गिळलं, काकांनी नावं बदलून छापलं, इतकंच. अकोल्याच्या छापखानेवाल्याने म्हटलं होतं ना, की कडूबा हे काय लेखकाचं नाव झालं, जरा गोड नाव घ्या. काका म्हणाले होते, की तीन लेकरं गेल्यावर आईबापांनी मरणाने थुंकून टाकावं म्हणून मला कडू ठेवलं, वाचणाऱ्यासाठी मी गोड होणार नाही.

शोकसभा आपल्या अंगणात होईल. तू चार ओळी लिहून पाठव, मी वाचीन.

सौ. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो भांडूनही वाढवावा.

तुझी,
अन्नपूर्णा


मुंबई
२१ फेब्रुवारी १९६३

चि. अन्नपूर्णास,
रामभाऊचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझं अक्षर काकांसारखं होत चाललंय आणि डोकंही. दोन्हींची मला काळजी वाटते.

मी चार ओळी पाठवणार नाही. रागावू नकोस. ते पुस्तक निघालं तेव्हा तू जन्मली नव्हतीस. मी सात वर्षांचा होतो. रंगरावांच्या धाकाने न्हाव्याने आपल्या घरी यायचं बंद केलं. बाबांना पेरणीला कोणी बैलजोडी देईना, तेव्हा बाबा आणि आई दोघं मिळून औत ओढत होती, ते मी पाहिलंय. काका लेखक झाले आणि त्याची किंमत आम्ही मोजली. बाबा मरेपर्यंत त्या पुस्तकाला शिवले नाहीत.

आणि आता तू. तुझी नोकरी कायम व्हायला वर्ष राहिलंय. चिखलीच्या स्थळाकडून अजून होकार आलेला नाही. भगवंतरावांचा एक शब्द पुरे होईल. इथे सचिवालयात मी रोज बघतो, कागद कसे फिरतात.

आणखी एक. तू सगळं मनकर्णाबाईच्या नावाने भांडतेस. म्हातारी अजून जिवंत आहे. तिला कोणी विचारलंय का? काकांनी विचारलं होतं का?

काकांना शांत राहू दे. सरस्वतीने तुझ्यासाठी लोणचं पाठवलंय. माझ्या रागाला माया समजावं, ही विनंती.

तुझा,
दादा


सोनखेडी
६ मार्च १९६३

ती. दादास,
अन्नपूर्णेचा शि. सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. वहिनींना सांग, तिखट कमी आहे, मुंबईने त्यांना बिघडवलं.

औताचं मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचा प्रश्न तू खरा विचारलास, म्हणून मी परवा मनकर्णाबाईकडे गेले. ती दुसऱ्याच्या वावरात हरभरा उपटत होती. सत्तरी उलटली तरी हात थांबत नाही. मी शोकसभेचं सांगितलं. वाटलं, डोळ्यांना पदर लावेल. ती उलटी माझ्यावर डाफरली.

म्हणाली, की तुह्या काकानं मले मारून टाकलं. मला काही कळेना. मग उमगलं. पुस्तकाच्या शेवटी ती बाई विहिरीत उडी टाकते ना! हिला कोणीतरी ते वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून काकांशी ती बोलली नाही. तीस वर्षं, दादा! एकाच गावात. परगावची माणसं हिला बघून विचारतात म्हणे, की पुस्तकातली ती तूच का, मग तू जिती कशी?

काका तिच्या घरावरून जाताना मान खाली का घालायचे, ते मला आत्ता कळलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, मावशी, मग तुम्ही नका येऊ. तर कंबरेवर हात ठेवून म्हणाली, काऊन नाही येऊ? मीच बोलनार हावो. आता ती काय बोलेल याचा नेम नाही. भगवंतरावांच्या माणसांपर्यंतही ही गोष्ट गेली आहे आणि ते खूष आहेत. रामराव मास्तर म्हणतात, आजारी पडा आणि सभा रद्द करा. पण जिच्या नावावर पुस्तक उभं आहे तिलाच गप्प बसवून मी काकांची शोकसभा घेऊ? तसं करण्यापेक्षा तोंडघशी पडलेलं बरं. रविवारी, १७ तारखेला सभा आहे.

राग असला तरी पत्र असावं.

तुझी,
अन्नपूर्णा


सोनखेडी
१९ मार्च १९६३

ती. दादास,
अन्नपूर्णेचा शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. नीट ओळीने सांगते.

पन्नास-साठ माणसं आली. बाया कुडामागे, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. भगवंतरावही आले! सोबत आपली खुर्ची घेऊन आले आणि मधोमध बसले. मी काकांबद्दल बोलायला लागले, पण त्यांच्यासमोर आवाज कापत होता. दोन मिनिटांत बसले. मग मनकर्णाबाई उठली.

ती म्हणाली, की वावराचं जे लिवलं ते खरं हाये. माहा आंगठा घेतला तवा मी सुतकात होती, ते खरं. बांध सरकला, तो बी खरा. पन हिरीचं लबाड हाये. मी हिरीवर गेली होती, हाव. पानी शेंदलं, लेकराइले पाजलं अन् वावरात तन निंदाले गेली. कडूबाले वाटलं, बाई मेल्याबिगर लोकाइले रडू येनार नाही. तो चुकला. मी हे त्याच्या जित्तेपनी त्याले सांगाले पायजे होतं, मी बी चुकली.

भगवंतराव हसून मोठ्याने म्हणाले, की ऐका, लेखकाचा खोटेपणा तिनेच सांगितला. तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. दादा, ती अगदी हळू बोलली, पण कुडामागेही ऐकू गेलं. म्हणाली, की पंचानं मले येडी म्हनलं. माह्या सख्ख्या भावानं म्हनलं. साऱ्या जगात एका कागदानं म्हनलं, का ही बाई खरी हाये. तो कागद कडूबाचा होता. म्हून मी आली.

भगवंतराव ताडकन उठले. म्हातारीला भ्रम झालाय, म्हणाले आणि आपल्या माणसांना घेऊन निघाले. बायांत त्यांच्या आई रुक्मिणीबाई बसल्या होत्या, रंगरावांची बायको. कधी आल्या, कोणी पाहिलं नव्हतं. भगवंतरावांनी त्यांना चला म्हटलं. त्या म्हणाल्या, तू जाय, मी ऐकून येतो. दुसऱ्यांदा म्हटलं, तरी त्या हलल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसून होत्या.

मग मी पुस्तकातली अंगठ्याची पानं वाचली. या वेळी आवाज कापला नाही.

याचं काय व्हायचं ते होवो. तुझ्या चार ओळींची जागा मी मोकळी ठेवली होती, तेवढं मनात असू दे.

तुझी,
अन्नपूर्णा


मुंबई
२४ मे १९६३

चि. अन्नपूर्णास,
रामभाऊचे अनेक आशीर्वाद.

बदलीचं तुझं कार्ड मिळालं. जून महिन्यात वरवट बकाल! जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. चिखलीच्या स्थळाने नकार दिल्याचंही कळलं. 'मी आधीच म्हणालो होतो' असं लिहायला हात धजत नाही.

का ते सांगतो. माझ्या टेबलाशेजारी रत्नागिरीकडचे एक गृहस्थ बसतात. शांत माणूस. तुझं मार्चचं पत्र मी डबा खाताना वाचत होतो, त्यांनी चौकशी केली. मी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, की कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडे ते मिळालं होतं. निम्मे शब्द कळले नाहीत, वऱ्हाडी होते. पण वाचून त्याच सुट्टीत ते घरी गेले आणि वडिलांशी भांडून विधवा काकूचं नाव सातबाऱ्यावर लावून आले. काकू अजून त्या जमिनीचा भात खाते. त्यांना वाटायचं, की हा कडूबा कोणी मोठा प्रसिद्ध लेखक असणार. मी त्यांना पंधरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, की तो माझा काका होता. अनू, मला लाज वाटत होती.

आईबाबा औत ओढत होती ते मी विसरणार नाही. पण ते ओझं कोणी लादलं, याबाबत मी आजवर चुकीच्या माणसावर रागावलो होतो.

आमचे साहेब भले आहेत. तू हो म्हणालीस, तर बदली थांबवायला मी शब्द टाकतो. लगेच कळव.

थोरल्या भावाची चूक लहान बहिणीने पोटात घालावी.

तुझा,
दादा


मु. पो. वरवट बकाल,
जि. बुलढाणा
१४ जुलै १९६३

ती. दादास,
अन्नपूर्णेचा शि. सा. न. वि. वि.

'नको' एवढंच कार्ड पाठवलं होतं, म्हणून रागावला असशील. आता सविस्तर लिहिते. तू शब्द टाकला असतास, तर भगवंतरावांनी म्हटलं असतं, की हिचाही कोणीतरी मुंबईत वर बसलेला आहे. मला माझ्या पायावर हरायचं होतं. पण इथे येऊन बघते, तर हरल्यासारखं वाटत नाही.

गोजरबाईंच्या घरी खोली मिळाली आहे. सामान उतरवायच्या आधीच त्यांनी विचारलं, की जिनं लेखकाले खोटं पाडलं अन् पाटलाले बी, त्या म्हातारीच्या गावची मास्तरीन तूच काय? गोष्ट माझ्याआधी इथे पोचली होती, बाजारातून की लग्नाच्या वऱ्हाडातून, कोण जाणे. इथल्या हेडमास्तरांनीही पहिल्याच दिवशी सांगितलं, की बाई, इथे काही सुरू करू नका. मी म्हटलं, माझ्याकडे सुरू करण्यासारखं एक पुस्तकच आहे.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी गोजरबाईंच्या ओट्यावर बाया जमतात आणि मी 'सरकता बांध' वाचते. दोन बैठकांत संपलं. शेवटचं पान मी वाचत नाही. बाई विहिरीच्या काठावर आली, की पुस्तक मिटते आणि पुढचं त्यांना सांगायला लावते. काका असते, तर त्यांनी हेच केलं असतं, असं म्हणत नाही; बहुतेक माझ्यावर चिडले असते. पण त्यांच्याइतकं या बायांना आजवर कोणी बोलतं केलेलं नाही. एकीने गोष्टीतल्या बाईला खामगावच्या कोर्टात नेलं. दुसरीने माहेरी पाठवलं आणि भावाच्या दारातून परत आणलं, रडत रडत, कारण ते सांगणारीचं स्वतःचं होतं. काल गोजरबाईंनी तिच्या हाती पहार दिली आणि बांधाचे दगड एकेक करून मागे नेले.

चार शनिवार झाले. अजून एकीनेही तिला विहिरीत जाऊ दिलेलं नाही.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे. लोभ आहे तसा राहू दे. काळजी मात्र थोडी कमी कर.

तुझी,
अन्नपूर्णा