टपावर सामान ठेवतात, माणसं नव्हे

ती. अक्का यांना साष्टांग नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? विशेषतः गुडघे. हे रीत म्हणून विचारत नाही, मला उत्तर हवं आहे. हल्ली शिडी चढता येते का? येत असेल तर पायरी केवढ्या उंचीची झेपते? आणि चहात साखर अजून पूर्वीइतकीच घेता ना? माझी प्रकृती उत्तम आहे. उजवं कोपर खरचटलं आहे आणि कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं आहे, त्याचं कारण पुढे येईल. तुमच्या बंधुराजांची प्रकृती तर इतकी चांगली आहे, की माझ्या संशयाला तिथूनच सुरुवात झाली.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून झाली. त्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकले. जी मुलगी भिंतीवरून उडी मारून सिनेमाला जाणार असते, ती आदल्या आठवड्यात वेळेवर जेवायला येते, अंथरुणाची घडी घालते आणि वर मलाच विचारते, "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?" निष्पाप माणूस इतका चांगला वागत नाही. त्याला गरजच नसते. तर सांगायचं म्हणजे, गेल्या महिन्यापासून हे स्वतःची कपबशी स्वतः विसळायला लागले आहेत.

सगळ्याचं मूळ ती जीप. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, पेपर वाचतात, डॉक्टरांशी भांडतात. यांनी चारही चाकांना जोर असलेली एक म्हातारी जीप आणली, आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायचं, डोंगरात मुक्काम करायचा आणि जीपच्या टपावर तंबू ठोकून झोपायचं, असा बेत जाहीर केला. असले तंबू तयार मिळतात म्हणे. पण ज्याने जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या त्याला तयार वस्तू विकत घेणं म्हणजे अपमान वाटतो. ("लोक आमच्या दोरीवर जीव टांगायचे, आणि मी दुसऱ्याच्या शिवणीवर झोपू?" हे यांचं म्हणणं.) मी तेव्हा कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे शेजारीण उभी होती. तिला मी मनात दुर्बीणबाई म्हणते, कारण आमच्या घरात काय शिजतंय हे तिला माझ्याआधी कळतं. तिच्यादेखत मी सांगून टाकलं, की टपावर सामान ठेवतात, माणसं नव्हे, आणि मी काही येणार नाही. यावर यांनी वाद घालायला हवा होता. घातला नाही. "बरं," म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर तो विषय माझ्यापाशी एकदाही काढला नाही. भाजीत मीठ बेताचं आहे का हे तीन वेळा विचारणारा माणूस एका 'नाही'वर गप्प बसतो, यावर तुमचा तरी विश्वास बसेल का?

मग गॅरेजचं दार लावून काम सुरू झालं. खाली प्लायवूड, भोवती अॅल्युमिनियमची चौकट, वर झाकण, आणि झाकणाच्या आत कॅनव्हासच्या भिंती. पेटीचं झाकण उघडावं तसं एका बाजूने उचललं की तंबू उभा, दाबलं की पुन्हा हातभर उंचीची पेटी. झाकण उचलायला भंगारातल्या गाड्यांच्या डिकीचे गॅसचे दांडे आणले. पहिल्या दिवशी चार दांडे बसवले. झाकण असं उडालं की गॅरेजमधली ट्यूबलाइट फुटली आणि दुर्बीणबाईंचं मांजर त्या दिवसापासून आमच्याकडे आलेलं नाही. (हा एकच निव्वळ फायदा.) "जोर थोडा जास्त झाला," एवढंच हे म्हणाले. शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून लावायच्या चिकट लुकणाने एकदा स्वतःचं घड्याळ झाकणाला चिकटवून घेतलं. ते अजून तिथेच आहे, आणि चालू आहे.

हे हार्डवेअरच्या दुकानात गेले की मी तपासणी करायची. (चोरून पाहणं वेगळं, तपासणी वेगळी. पंचवीस मुलींच्या गाद्या उलटून पाहिलेल्या बाईला हा फरक कळतो.) पहिल्या तपासणीत दोन उशा सापडल्या. हे एक उशीही घेत नाहीत, हात डोक्याखाली घेऊन झोपतात. दुसऱ्या तपासणीत शिडी पाहिली. हे ताडासारखे उंच, आणि शिडीच्या पायऱ्या इतक्या जवळजवळ, की गुडघे दुखणाऱ्या माणसालाही सहज चढता याव्यात. उशीजवळ चष्मा अडकवायला एक लहानसा हूक होता. यांना चष्मा नाही. सामानाच्या खणात साखरेचा डबा होता. यांना डॉक्टरांनी साखर वर्ज्य केली आहे. शेवटी दोन पोती. वजन पेलतं का ते बघायला यांनी गादीच्या एका बाजूला रेतीचं स्वतःच्या वजनाचं पोतं ठेवलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, त्याहून चांगलंच गलेलठ्ठ.

गुडघे, चष्मा, साखर, वजन. अक्का, स्पष्टच लिहिते, राग मानू नका. माझा संशय तुमच्यावर आला. लहानपणी तुम्ही दोघं गच्चीवर चादरींचा तंबू करून झोपायचात, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे, आणि दर वेळी हे ती सांगताना असे काही हसतात की मला गच्चीवर जाऊन त्या चादरी धुऊन टाकाव्याशा वाटतात. त्यात तुमच्याकडून पार्सलने ती निळी दुलई आली. मी म्हटलं, झालं. बहीण-भाऊ डोंगरात चालले, आणि भावजय घरी दुधाच्या पिशव्यांना राखण. मला यायचं नव्हतं ही गोष्ट अगदी खरी. पण न येणाऱ्या माणसालाही 'चल' म्हणायची एक पद्धत असते.

परवा दुपारी हे म्हणाले, "जीप जरा चालवून बघतो." आणि शर्ट बदलायला आत गेले. जीप चालवून बघायला इस्त्रीचा शर्ट! मी ठरवलं, आज मुद्देमालासकट पकडायचं. गॅरेजमध्ये गेले, शिडीपाशी चपला काढल्या (झोपायच्या जागेत चपला घालून जायचं नाही, हा नियम मी वसतिगृहात लावला आणि स्वतः कधी मोडला नाही), वर चढले, यांचं पोतं काढलेलं होतं त्या बाजूला आत आडवी झाले आणि पट्टा ओढून झाकण खाली घेतलं. टक्‌ असा आवाज झाला. तेव्हा कळलं, की कडी बाहेरच्या बाजूने आपोआप लागते आणि आतून उघडत नाही. अंगावर हातभर अंतरावर झाकण, पाठीखाली गादी, शेजारी ते गलेलठ्ठ पोतं, आणि कानाशी यांचं चिकटलेलं घड्याळ टिकटिकतंय. मी मनात म्हटलं, बाई, आता ओरडलीस तर आयुष्यभराचा अधिकार गेला. गप्प पडून राहिले.

हे आले. जीपपाशी जरा वेळ नुसतेच उभे राहिले. मग शिडी काढून वर बांधली आणि निघाले. गॅरेजमधून मागे घेताना जो धक्का बसला त्यात कोपर खरचटलं आणि टेंगूळ आलं. पुढचा प्रवास मात्र विलक्षण सुखाचा झाला, आणि तेच मला खटकत होतं. एरवी गतिरोधक म्हणजे यांना उडीची फळी वाटते. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकावरून गाडी अशी नेली, की जणू आत अंडी भरली आहेत. बाजूला हवेसाठी जाळी ठेवली आहे, तिच्यातून मला सगळा रस्ता दिसत होता. उंचावरून गाव वेगळंच दिसतं, अक्का. लोकांच्या गॅलऱ्यांत काय काय पडलेलं असतं! दुर्बीणबाई तर दाराआड उभं राहून आमच्याच घराकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्या टक्कल पडू लागलेल्या विरळ भांगाकडे. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

मला वाटलं होतं, गाडी स्टेशनवर थांबेल आणि तुम्ही ट्रंक घेऊन उतराल. थांबली ती गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्याच्या दुकानापाशी. हे आणि तो सीटवाला अगदी जाळीखाली उभे राहिले.

"साहेब, एकटेच जाणार म्हणता, मग गादी दोघांची कशाला?" सीटवाल्याने विचारलं. माणूस आगाऊच दिसला, पण प्रश्न माझाच होता.

"एकटा जाणार असं घरी वाटतंय," हे म्हणाले. "पण हे सगळं तिच्यासाठी आहे. ही शिडी, हा हूक, सगळं."

"मग सांगा की वहिनींना!"

"सांगायचं नाही. 'चल' म्हटलं की ती 'नाही' म्हणणार. आणि तिच्या तोंडून एकदा 'नाही' गेलं, की ते तिला स्वतःलासुद्धा परत घेता येत नाही. लग्नानंतर एकदा माझ्यावर चिडून म्हणाली, चहात साखर नको. अजून बिनसाखरेचा पिते. आवडत नाही तिला. रोज पहिल्या घोटाला तोंड दिसतं ना." हे अगदी सावकाश, ठणठणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. सीटवाला कमी ऐकतो की काय, असं मला वाटलं. "म्हणून मी विचारणारच नाही. गाडी तयार ठेवणार. तिची जागा रिकामी ठेवणार. न विचारलेल्या गोष्टीला नाही कशी म्हणेल?"

"आणि नाहीच आल्या तर?"

 हे म्हणाले, "तर पोतं घेऊन जाईन. वजनाला तेवढंच आहे."

अक्का, त्या पोत्याकडे मी पुन्हा एकदा बघितलं. त्याच्या आकाराबद्दल मला बरंच काही बोलायचं होतं, पण आधी चष्मा काढून पुसावा लागला. (रेतीची धूळ.) तेवढ्यात सीटवाला म्हणाला, "उघडा, माप घेतो." यांनी शिडी लावून कडी काढली, झाकण भस्सकन वर गेलं आणि मी उठून बसले. सीटवाल्याने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्या त्याने गिळल्या नाहीत हे नशीब. काहीतरी बोलणं भागच होतं. मी म्हटलं, "कडी आतून उघडत नाही. ही गंभीर चूक आहे. आधी ती दुरुस्त करा."

"केव्हापासून आहेस आत?" यांनी विचारलं. "काही ऐकू आलं का?"

"एक शब्द नाही," मी म्हटलं.

"वा! म्हणजे झाकण घट्ट बसलंय," हे म्हणाले, आणि कुणीतरी बक्षीस दिल्यासारखे खूश झाले. मी शिडीवरून उतरले, चपला पायात सरकवल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. घरी येईपर्यंत दोघंही फक्त कडीबद्दल बोललो.

तुमच्यावर घेतलेला संशय मी या पत्राने मागे घेते. संशय मागे घेता येतो, त्याला हरकत नाही. गुडघ्यांना जपा. टपावर माणसांनी झोपू नये, या माझ्या मतात काहीही बदल झालेला नाही, हे मुद्दाम नमूद करते.

तुमची भावजय

ता. क. : हे येत्या आठवड्यात निघताहेत. तुम्ही यांना ताबडतोब एक कडक पत्र लिहा. मजकूर असा असावा: "तिला घरी एकटी ठेवू नकोस. ती नाही म्हणेल, ऐकू नकोस. ही माझी आज्ञा समज." मोठ्या नणंदेचा शब्द मी आजवर मोडलेला नाही, तेव्हा मला नाइलाजाने जावं लागेल. मी सांगितलं म्हणून लिहिलंत, असं त्यात येऊ देऊ नका. पत्र यांच्याच नावाने पाठवा. मी ते आधी वाचेन, पण पाकीट फोडलेलं दिसणार नाही याची काळजी घेईन.

ता. ता. क. : ती निळी दुलई आज उलगडून पाहिली. दोघांची आहे. एकटा जाणाऱ्या भावाला दोघांची दुलई कशी काय पाठवलीत? म्हणजे तुम्हालाही सगळं माहीत होतं. हा संशय मागे घेतलेला नाही.

आणखी एक : पाकीट बंद करता करता ध्यानात आलं. चपला मी आमच्या गॅरेजमध्ये शिडीपाशी काढल्या होत्या. मग सीटवाल्याच्या दुकानापाशी मी उतरले, तेव्हा तिथे शिडीपाशी त्या नीट जोडीने मांडून कुणी ठेवल्या होत्या? आणि तो ठणठणीत आवाज आता मला ओळखू आला. लिफ्टमध्ये माणूस अडकला, की बंद दारापाशी उभं राहून हे त्याच्याशी असेच बोलायचे. म्हणजे यांना माहीत आहे, आणि मलाही माहीत आहे. तरी पत्र पाठवाच. आमच्यात आधी बोलणार कोण?