एकटीपुरता तंबू

५ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून पत्र. डोंगरवाटेनं एकटी चालायला जाणार, हे आता नक्की. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, हवं तेवढं चाल, पण पाठीवर ओझं बेताचं ठेव. त्यामुळे सगळं घोडं तंबूपाशी अडलंय.

काल दुकानात जाऊन तीन तंबूंत आडवी पडून आले. गिऱ्हाईकं बघत होती, बघोत. पहिला एकपदरी. उचलला तर हातात काही आहे असं वाटेना, पण दुकानदारीण म्हणाली, आपल्याच श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि अंगावर ठिबकते. दुसरा दोघांचा, ऐसपैस, पण तो घेतला तर बाकीचं सामान घरीच ठेवावं लागेल. तिसरा एकटीपुरता, दुपदरी. चालायच्या काठ्यांवरच उभा राहतो, म्हणजे वेगळे खांब वाहायला नकोत. आत बसून पाहिलं, डोकं छताला लागत नाही. माझं मन तिसऱ्यावर बसलंय. तुम्हाला काय वाटतं?

आत्याला नमस्कार. तिचा गुडघा आता काय म्हणतो?

तुमचीच,
ठमी

९ मे

चि. ठमीस,
अ. उ. आ.

ऐकू येत नसलं तरी वाचता येतं मला! माझा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. सहा माणसांची लिफ्ट असली तरी चारच चढवावीत, हा माझा हिशेब. तेव्हा एका माणसाचा तंबू म्हणजे अर्ध्या माणसाचा. दोघांचा घे. शिवाय ज्या काठ्यांचा आधार तुला, त्यांचाच तंबूला. एखादी मोडली तर तुम्ही दोघांनी काय करायचं? आत्या विचारते, तंबू आहे की मच्छरदाणी? गुडघा तिच्या जिभेपेक्षा बराच मंद चालतो.

खरं सांगतो, दोघांचा घेतलास तर ऐनवेळी कुणीतरी सोबतीला येईल, अशी मला वेडी आशा. गेल्या वर्षी तुला पलंगावरून उठवताना तुझा जो चेहरा व्हायचा, तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण तू स्वतःचंच खरं करशील. आईवर गेलीस.

जपून जा.

तुझे,
बाबा

२ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

डोंगरात गारपीट झाल्याचं बातम्यांत दाखवलं. तुझा फोन लागत नाही. वाट जिथे संपते त्या विश्रामगृहाच्या पत्त्यावर हे टाकतोय. मिळताच दोन ओळी लिही. आत्या मला धीर देते आणि मी पाठ वळवली की डोळे पुसते.

वाट पाहणारे,
बाबा

६ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, हे आधी. फोन भिजून गारद झाला, म्हणून हा घोर तुमच्या जिवाला.

गारपिटीच्या दिवशी दुपारी खिंड उतरत होते, तर आभाळ काळंठिक्कर. मोठ्या खडकाच्या आडोशाला काठ्या रोवल्या, ताणदोऱ्या आवळल्या, खुंट्यांवर दगड ठेवले आणि आत शिरले. तेवढ्यात बाहेरून हाका. वाटेत दोनदा भेटलेल्या एक बाई, तुमच्याच वयाच्या. त्यांचा तंबू वाऱ्यानं नेला होता. ओढलंच त्यांना आत. गुडघे हनुवटीला, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत, वर गारांचा ताशा. कापड पोटाशी येई आणि पुन्हा ताठ होई. मला तुमची चार माणसांची लिफ्ट आठवत होती. बाई थंडीनं कुडकुडत विचारत होत्या, जागा एकटीचीच राखली होती का गं? हसू आलं तरी दोघींना एकदम हसता येईना, इतकी अडचण! पण काठ्या टिकल्या, बाबा. ओसरल्यावर आम्ही दोघी मिळूनच खाली उतरलो.

आणि एक. परवा सकाळी बूट घालायला वाकले, नाडी बांधली, उभी राहिले, आणि मग लक्षात आलं की वाकताना मी श्वास रोखलाच नव्हता.

आत्याला म्हणावं, आता डोळे कोरडे कर.

तुमचीच,
ठमी

११ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आधी आत्यानं वाचलं, मग मी, मग तिनं मला ओरडून वाचून दाखवलं. शेजारच्यांनाही ते आपोआप कळलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, मुलगी एकटीच होती ना हो तिथे? मी म्हटलं, छे, तिच्याकडे पाहुण्या आल्या होत्या. तंबूबद्दल मी हरलो, लिहून देतो.

काल जेवून जरा टेकलो, तो दिवे लागल्यावर आत्यानं हलवून उठवलं. अशी झोप मला वर्षभरात लागली नव्हती, म्हणून ती घाबरली. विचारू लागली, बरं नाही का, डॉक्टरांना बोलावू का? मी तिला म्हटलं, अगं, ठमी वाकून बूट घालते आता.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेव.

तुझे,
बाबा