गुरुजींच्या अस्थी उचलताना

गुरुजी,

तुम्ही गेल्यावर मंडळाने तुमचा फोटो मोठा करून घेतला. दर गणपतीत तो मखराशेजारी असतो, आणि पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या मुलांना मी सांगते, हे आपले गुरुजी. बँकेच्या बदलीवर आले आणि इथलेच झाले, टोकियोतल्या या फुनाबोरीतली पहिली आरती यांनी म्हटली. मुलं नमस्कार करतात. तुमच्या अंत्यसंस्काराचं मात्र मी कुणाला सांगत नाही.

माझ्या मुलीचं बारसं तुम्ही केलंत. सासरे इथे आमच्याकडे राहायला आले आणि इथेच गेले, तेव्हाही मंत्र म्हणायला तुम्हीच होतात. आणि काकू, तुमच्या जपानी पत्नी, आमच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरून सगळ्यांसाठी पिठलं-भात करून गेल्या. आरती म्हणताना त्या 'ळ'ला अडखळायच्या. एकदा मी हसले. तुम्ही चिडला नाहीत; मोदक फोडता फोडता म्हणालात, "तिने तुमची भाषा जिभेवर घेतली. तुम्ही तिची किती घेतलीत?" मी तूप वाढत राहिले.

तुमच्या वेळी दहनगृहात आम्ही सगळे होतो. तुम्हाला मूलबाळ नाही, काकूंची बहीण कोबेला अंथरुणाला खिळलेली. दहन झाल्यावर अस्थी समोर आणल्या. इथली रीत अशी की, दोघांनी दोन बाजूंनी काड्यांनी एकच अस्थी धरायची आणि कलशात ठेवायची. काकूंनी एक अस्थी धरली आणि समोर पाहिलं. समोर आम्हीच होतो.

"आपल्यात असं करत नाहीत," मंडळाचे सेक्रेटरी कुजबुजले.

"त्यांच्या माणसांना करू दे ना," मागून कुणीतरी म्हणालं.

काकूंना मराठी कळतं, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. "या ना कुणीतरी," त्या म्हणाल्या. अस्थी अजून त्यांच्या काड्यांत आहे, आणि मी माझ्या बुटांकडे बघते आहे. तुम्ही असतात तर आम्हाला बखोटीला धरून पुढे ढकललं असतंत. अस्थी तर आपणही वेचतो, गुरुजी. मी पुढे झाले तोवर काकूंनी ती एकटीनेच कलशात ठेवली होती. पुढची आम्ही दोघींनी उचलली. मग त्या कमरेत वाकून मला म्हणाल्या, "आभारी आहे." मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांना म्हणतात तसं. मला! घरी येऊन मी डोक्यावरून अंघोळ केली, आणि ती सुतकाची होती की त्या शब्दांची, हे मला अजून सांगता येत नाही.

काकू आता कोबेला बहिणीजवळ असतात. तुम्हाला लिहिलेलं हे त्यांनाच पाठवावं असं वाटलं. देवनागरी तुम्हीच त्यांना शिकवलीत. कोबेचा पत्ता मिळवला, पाकीट पुढ्यात घेतलं आणि थांबले. इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवले आणि काकू, काकू करत राहिले. त्यांचं नाव मला ठाऊक नाही, गुरुजी. आता कुणाला विचारायचीही लाज वाटते.