ग्यारसच्या दिवशी मासळीचा वास

वहिनी, आत्ताच घरातल्या सगळ्या विजेच्या बोर्डांवरून पालथा हात फिरवून आले. स्वयंपाकघरातला गार, बैठकीतला गार, गीझरचा गार. नातीच्या खोलीतल्या बोर्डापाशी जरा जास्तच रेंगाळले, तर सून म्हणाली, "मम्मी, आप फिर से?" सून इंदूरची, हिंदी घरातली. मी माझ्या आईला, म्हणजे तुला, वहिनी म्हणत असे, कारण काका तुला वहिनी म्हणायचे आणि तेच आम्हा पोरांच्या तोंडी बसलं, हे तिला एकदा सांगितलं तर ती इतकी हसली की पुढचं सांगायचं राहूनच गेलं. पुढचं म्हणजे तुझं हे हात फिरवणं. धारच्या घरात दिवेलागणीला तू हेच करायचीस, आमच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसं. हात पालथाच का, तर तळहाताने धरलं आणि करंट असला तर मूठ मिटते, मग सुटत नाही, असं तुझं म्हणणं. सगळे तुझी टर उडवायचे. तू उडवू द्यायचीस आणि पुढच्या बोर्डाकडे जायचीस.

ती सकाळ मला अजून लख्ख आठवते. थंडीचे दिवस आहेत, तू पोह्यांना फोडणी देतेयस, कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर आंघोळीचं पाणी तापतंय. फ्यूज सारखा उडतो म्हणून काकांनी त्यात चांगली जाड तार गुंडाळून दिलेली, आणि "आता उडून दाखव म्हणावं" असं म्हणून मिशीतल्या मिशीत हसलेले. मध्येच तू झारा खाली ठेवतेस आणि म्हणतेस, "मासळीचा वास येतोय." सगळे खो खो हसतात. आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मासळी! काका म्हणतात, "वहिनी, रत्नागिरी सुटली, पण बाजार काही सुटला नाही तुमच्या नाकातून." तुझ्या माहेरी शाळेची वाट मासळीबाजारावरून जायची, त्यामुळे खाल्ली नसलीस तरी तो वास अख्ख्या घरात तुला एकटीलाच ठाऊक. तू हसत नाहीस. शेगडीच्या वरच्या बोर्डाला पालथा हात लावतेस आणि चटका बसल्यासारखा मागे घेतेस, तोवर कडेने धूर निघायला लागलेला असतो. मी मोठी शहाणी, पाण्याचा तांब्या उचलते. तू माझ्या हातावर असा फटका मारतेस की तांब्या घरंगळत मोरीत जातो. "पाणी नाही! आधी मेन!" असं ओरडत तू पडवीत पळतेस आणि मेनचा खटका पाडतेस. नंतर बोर्ड उघडला तर आत सगळं काळंठिक्कर, तारांवरचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलेलं, मासळीचा वास त्याचाच. तू काकांना म्हणालीस, "भावोजी, फ्यूजची तार उडते ती आपल्यासाठीच उडते. तिला उडू द्या."

मला तेव्हा तुझा रागच आला होता, फटक्याचा. आणि लग्नात तर मेल्याहून मेल्यासारखं केलंस. रुखवतात विणकामाचे रुमाल, करंज्या, साखरेचं तुळशीवृंदावन, आणि त्यांच्या मधोमध एक टेस्टर, एक बॅटरी आणि बारीक फ्यूज-तारेचं रीळ! देवासच्या माझ्या सासूबाई बघून म्हणाल्या, "अगबाई, सून आणतोय की लाइनमन?" सगळा मांडव हसला. पण ती बॅटरी अजून मेनच्या शेजारी खिळ्याला टांगलेली आहे, सेल बदलत असते. मेनपाशी रद्दी ठेवायची नाही, कपडे टांगायचे नाहीत, हेही तुझंच, आणि ते मी या घरात इतकी वर्षं भांडभांडून पाळून घेतलं.

यंदा उन्हाळ्यात एसी आला. मी म्हटलं होतं, त्याला मेनपासून वेगळी जाड तार ओढून घ्या. मुलगा म्हणाला, "मम्मी, दिवाळीत वायरिंग एकदमच करून टाकू ना," आणि खोलीतल्या जुन्या बोर्डात अडॅप्टर खुपसून एसी चालू केला. नात घामोळ्यांनी हैराण झाली होती बिचारी. गारव्यात ती पहिल्यांदा शांत झोपली तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती दुपार. नात आत झोपलेली, मुलगा ऑफिसात, मी बैठकीत भाजी निवडत बसलेली. सून पदर नाकाला लावून स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मम्मी, ऊपर वाली फिर मछली बना रही है. छी, पूरा घर भर गया." वरच्या खोलीत भाड्याने एक नर्स राहते, डही गावाकडची, नर्मदाकाठची. खोली देताना मी तिला बजावलं होतं, आमच्या घरात चालायचं नाही. आता माझं डोकं सणकलं. तरातरा जिना चढले आणि दार उघडताच तोंड सोडलं. ती पोर नुकतीच ड्यूटीवरून आलेली, केस ओले. शांतपणे म्हणाली, "आंटी, आज तो ग्यारस है. मैंने तो साबूदाना भिगोया है. देख लो." आणि खरंच एकादशीच्या उपासाला भिजवलेल्या साबुदाण्याची वाटी समोर धरली.

आधी मी शरमले, आणि लगेच उमगलं. मासळी इथे नाही, तर मग खाली आमच्या घरात कुठली? वहिनी, जिना मी कशी उतरले मला ठाऊक नाही. कानात तू ओरडत होतीस. जिना पडवीत उतरतो, तिथेच मेन, आणि बाळ पार आतल्या खोलीत. पाय आत ओढत होते आणि तू म्हणत होतीस, आधी मेन, आधी मेन. मी मेन पाडला आणि मग धावले. पाळण्याच्या वरच्या बाजूला बोर्डाच्या फटीतून धुराची रेघ निघत होती, पडद्याची कड तपकिरी झाली होती, आणि आमची बया अंगठा तोंडात घालून गाढ झोपलेली! तिला उचललं ते थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिले, अनवाणी, त्या उन्हात. मागून सून विचारतेय काय झालं, काय झालं. इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड उघडून मुलाला म्हणाला, "भिया, तार पंखे की है, और बोझा एसी का डाल दिया." आता एसीला स्वतंत्र जाड तार आहे, ओझं वाढलं की आपोआप पडणारा त्याचा स्वतःचा एमसीबी आहे, अडॅप्टर कचऱ्यात गेला, जुनं वायरिंगही सगळं बदललं. तरी माझी भीती जात नाही. कुठे पंखा कुरकुरला की उठून बोर्ड चाचपते.

घरात मात्र माझं कौतुक चाललंय. मुलगा ज्याला त्याला सांगतो, "मम्मी की नाक ने बचा लिया." वरची नर्स सांगते, गल्ली सांगते. आज संध्याकाळी सून म्हणाली, "मम्मी, कुछ जल तो नहीं रहा? आप देखो ना, आपको तो झट से आ जाती है." मी मान वर केली, खोल श्वास घेतला आणि म्हटलं, "कुछ नहीं है." ती नातीला घेऊन निवांत आडवी झाली.

वहिनी, मला कसलाच वास येत नाही. मागे तो मोठा ताप येऊन गेला तेव्हापासून नाही. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, नातीच्या तेल लावलेल्या टाळूचासुद्धा नाही. त्या दुपारी वास आला तो सुनेला, मला नाही. ती घरात नसती तर मी तिथेच भाजी निवडत बसले असते, वहिनी. हे कोणालाही माहीत नाही. आधी वाटायचं येईल परत, मग सांगायची लाज वाटायला लागली, आणि आता तर सगळं घर माझ्या नाकावर विसंबून झोपतंय. सुनेला हे हिंदीत कसं सांगावं, याची जुळवाजुळव करायला बसले होते, तर तू आता नाहीस तरी हात मराठीत तुलाच लिहायला लागला. मुलाला मराठी वाचताना धाप लागते, तेव्हा हा कागद स्वयंपाकघरातल्या एखाद्या डब्याखाली राहिला काय आणि समोर पडला काय, सारखंच. सांगायला तोंडानेच लागणार आहे. आज नाही जमलं. सुनेला "कुछ नहीं है" म्हटलं, आणि ती डोळे मिटेपर्यंत थांबून, सगळ्या बोर्डांना हात लावून आले.