पानातल्या दोन नळ्या

चेन्नई, मंगळवार, १७ फेब्रुवारी २००४

साबणाने दोनदा हात धुतले, तरी बोटांना लागलेला फॉर्मलिनचा वास जात नाही. शी!

आज प्रॅक्टिकलला थंड देशातल्या तळ्यातल्या त्या चिमुकल्या पाणवनस्पतीचं पान दिलं होतं. बरणीवर जुनं लेबल आहे, आयसोइटिस. आयसोइटिसचं पान आडवं कापलं की आत चार नळ्या दिसतात. कविताने आकृतीत दोनच काढल्या, म्हणून मी लाल फुली मारली. ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, रेंडुदान! दोनच आहेत, तुम्हीच बघा ना."

बघितलं. दोनच. आणखी दोन पानं कापली, तरी दोनच. म्हणजे हा लोबेलिया, वेगळीच पाणवनस्पती! उथळ पाण्यात दोन्ही सारखीच दिसतात, फरक या नळ्यांचाच.

बरणी घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. माझेच जुने सर. दहीभात कालवत, मान वर न करता म्हणाले, "इतकी वर्षं चारच चाललंय ना, अम्मा? परीक्षा तोंडावर आलीय. लेबलाप्रमाणे शिकव."

किळस आली त्या माणसाची. आणि मी? फुली न खोडताच घरी आले.

आल्या आल्या माळ्यावरून माझं विद्यार्थिदशेतलं जर्नल काढलं. हेच कॉलेज, हीच बरणी. माझ्या आकृतीत चार नळ्या, छान शेडिंग केलेल्या. खाली सरांची सही. तेव्हा मला खरंच किती दिसल्या होत्या?

पुन्हा हात धुऊन आले. वास आहेच.

दोन दिसल्या होत्या. उरलेल्या दोन मी बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून घेतल्या.