दामिनीच्या पावांना तेल मी लावले

मी, नागप्पा बसलिंगप्पा मेनकुदळे, वय एकाहत्तर, धंदा बेकरी, राहणार लातूर, आज सकाळी आंघोळ, लिंगपूजा व चहा उरकून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. पत्नी नीलाबाई हिचे म्हणणे असे की ते ठिकाणावर यायला फार उशीर झाला, आणि त्यावर माझी हरकत नाही. खाली लिहिलेली मिळकत सगळी माझी स्वकष्टार्जित आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर नीलाबाईला, तिच्या हयातीपर्यंत. तिच्या पश्चात मुलगा मल्लिनाथ आणि नांदेडला दिलेली मुलगी शिवगंगा यांनी ते निम्मे-निम्मे घ्यावे. शिवगंगेने 'मला काही नको' म्हणून रुसू नये. तिच्या लग्नात मी वऱ्हाडाला शिळी खारी खाऊ घातली असे ती अजून म्हणते. ती खारी त्याच दिवशी पहाटे काढलेली होती, हे मी इथे शपथेवर लिहून ठेवतो.

२. बँकेतली ठेव नीलाबाईची. तीतून माझ्या मातीचा खर्च करावा, पण चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. सून दामिनीची पुण्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा मीच हौसेने तिचा फ्लेक्स लावला होता, आणि त्यात माझा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता. पुण्याहून परत आल्यावर तो मीच उतरवला. एवढे फ्लेक्स एका घराला पुरे आहेत.

३. शेजारचा किराणा दुकानदार सिद्धेश्वर आपले रिकामे डबे माझ्या पायरीवर ठेवतो. माझ्यानंतरही ठेवू देऊ नये. बाकी त्याच्याशी वैर नाही. या कागदावर साक्षीदार म्हणून मी त्यालाच बोलावले आहे, म्हणजे हे त्याला वाचायला मिळेल.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

दामिनीचे माहेर उदगीर. तिने हैदराबादला जाऊन फ्रान्सकडचा तो लांबोडका पाव शिकून घेतला. मैदा, पाणी, मीठ, खमीर, बस. वर काहीही घातले तर तो अस्सल पाव राहत नाही, असा तिकडचा नियम. आमची बेकरी पहिल्यापासून बिनअंड्याची, म्हणजे मला खरे तर हा पाव आवडायला हवा होता. मी त्याला काठी म्हणत असे, तेही गिऱ्हाइकांसमोर.

गेल्या दिवाळीनंतर पुण्यात धंदेवाईक बेकरीवाल्यांची या पावाची स्पर्धा झाली. पहिल्याला फ्रान्समधल्या स्पर्धेला पाठवणार होते. मराठवाड्यातून एकटी दामिनी निवडली गेली. सोबत एक मदतनीस नेता येत होता. मल्लिनाथाला त्याचे मोबाइलचे दुकान बंद ठेवणे जमेना, म्हणून मी गेलो. निघताना ती म्हणाली, "मामा, तेलाची बाटली अन् ब्रश घेऊ नगा. तिथं तेल चालत न्हाई." मी हो म्हणालो, आणि दोन्ही वस्तू धोतराच्या घडीत गुंडाळून पिशवीत ठेवल्या.

पाव भट्टीतून निघाले तेव्हा ती नंबराची चिठ्ठी आणायला गेली होती. पाव तडतडत होते, रंग तांबूस, पण वरून अगदी कोरडे. आमच्याकडे पाव निघाला की त्यावर तेलाचा ब्रश फिरवतात, त्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही. बाजूच्या टेबलांवर मोठमोठ्या हॉटेलांतली माणसे होती. त्यांच्यासमोर आपला असला निस्तेज माल ठेवायची मला लाज वाटली. त्यांचेही पाव कोरडेच होते. मला वाटले, आपले उठून दिसतील. सगळ्यांवर ब्रश फिरवला. छान चकाकले, आणि मी खूश झालो.

परीक्षक बाईंनी पावावर बोट फिरवले, वास घेतला आणि विचारले, तेल कुणी लावले? दामिनीने आधी पावाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाली, "मी." मी तिच्या शेजारीच उभा होतो. तोंड उघडले नाही. त्यांनी पाव न चाखताच बाजूला काढले.

बातमी लातुरात आमच्याआधी पोचली. सिद्धेश्वर दुकानात येऊन तिला म्हणाला, "का गं सूनबाई, तेल लावायचं नसतं एवढं बी ठाऊक न्हवतं व्हय?" गिऱ्हाइके हसली. मी खारी तोलत होतो. मीही हसलो. त्या हसण्याची मला तेलापेक्षा जास्त शरम वाटते. तेव्हापासून बाजारात तिच्यावर जो तो तोंडसुख घेतो, आणि ती ताटात भाकरी वाढायला आली की मी मान वर करत नाही. शेवटी नीलाबाईला सांगितले, तर ती म्हणाली, "तवा तोंडात काय बोळा कोंबला होता का तुमच्या?"

सबब लिहून देतो की तेल मी लावले, तिने मना केलेले असताना लावले, आणि तिचा त्यात काडीचा दोष नाही. हे कलम माझ्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी बेकरीसमोर मोठ्याने वाचावे.

५. बेकरीची जागा, भट्टी, पीठ मळायचे मशीन, पाव भाजायचे पत्रे आणि दुकानाचे नाव हे सर्व मी एकट्या दामिनीला देत आहे, माझ्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून. मल्लिनाथाची तक्रार नाही. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "अप्पा, मला मैदा अन् कणीक अजून वळखू येत न्हाई."

पुरवणी. आजच, सह्या होण्यापूर्वी.

सिद्धेश्वर व दुसरे साक्षीदार, औशाचे निवृत्त एसटी वाहक अण्णाराव, साक्षीला आले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण सिद्धेश्वराने सगळा वाचला. डब्यांचे कलम वाचून हसला. पुढचे शेवटपर्यंत वाचले. मग कागद माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मेल्यावर वाचायचं? अन् तवर त्या पोरीनं माझं टोचून बोलणं ऐकत बसायचं? मी सही करत न्हाई, नागप्पा. बोलव तिला."

मी बोलावले. कलम चार उभ्याने वाचले. सिद्धेश्वर तिला म्हणाला, "चुकलं माझं, सूनबाई." दामिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुमचं नाव सांगितलं असतं तरी नंबर गेलाच असता. मदतनिसाची चूक ती माझीच धरत्यात. पण पुण्याहून येताना गाडीत लातूर येईस्तवर वाटत होतं, आता बोलताल, आता बोलताल."

तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि कलम पाच स्वतः वाचले. "ही भरपाई कशापायी? दंड म्हनून बेकरी मला नको. माझा पाव चांगला असंल तर द्या, न्हाईतर विकून टाका. चांगला हाय का, तेवढं सांगा."

मला सांगता आले नाही. घरात इतके दिवस तो पाव निघत होता, आणि मी त्याला काठी म्हणण्यापलीकडे त्याचा तुकडाही तोंडात घातलेला नव्हता. हे मला चौघांसमोर कबूल करावे लागले. तिला ते ठाऊक होते. ती आत गेली, आजचा पाव आणून माझ्यापुढे ठेवला, आणि मी खाऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. बरोबर खायला काही दिले नाही, मीही मागितले नाही.

दुरुस्ती: कलम पाचमधील 'माझ्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून' हे शब्द मी स्वतः खोडले आहेत. त्यांच्या जागी असे वाचावे: 'कारण असा पाव मला उभ्या जन्मात जमला नाही.' खाडाखोड माझी असून त्या ठिकाणी माझी सही आहे.

हे सर्व मी साक्षीदारांसमक्ष, दामिनीच्या देखत वाचून दाखवले व मग सही केली.

सही: नागप्पा बसलिंगप्पा मेनकुदळे

आमच्यासमोर सही झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. सिद्धेश्वर महालिंग हलकुडे, किराणा दुकानदार, लातूर
२. अण्णाराव गोविंदराव शिंदे, निवृत्त एसटी वाहक, राहणार औसा

ठिकाण: लातूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५